मार्च मॅडनेस: एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च उजाडला की तेच प्रश्न पुन्हा येतात. काही नुकतेच अमेरिकेत शिकायला गेलेल्यांचे, काही मुलगा-सून न्यू जर्सीत असलेल्या आईवडिलांचे, आणि काही अशा मंडळींचे ज्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, फक्त आमची परीक्षा घ्यायची असते. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, कोड्यात टाकणारे शेवटी आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे माहिती पुरुषांच्या स्पर्धेची समजावी. विजेतेपदांचे आकडे २०२५ च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत.

१. ही स्पर्धा नेमकी काय आहे? एनबीएशी तिचा संबंध काय?

एनबीए व्यावसायिक लीग आहे, ही कॉलेजांची स्पर्धा. अमेरिकेत एनसीएए ही कॉलेज क्रीडेची मोठी संघटना. तिच्या सर्वोच्च गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साधारण ३६० कॉलेजं बास्केटबॉल खेळतात. त्यातले ६८ संघ मार्चच्या मध्याला निवडले जातात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक विजेता उरतो.

खरा फरक पद्धतीत आहे. एनबीएच्या प्लेऑफमध्ये सात सामन्यांची मालिका असते, एखादा दिवस वाईट गेला तरी सावरता येतं. इथे सरळ बाद पद्धत. एक हरलात की घरी. त्यामुळे ही स्पर्धा देशातला सर्वोत्तम संघ शोधते असं म्हणणं धाडसाचं आहे. तीन आठवडे न हरलेला संघ ती शोधते, आणि या दोन गोष्टी बऱ्याचदा वेगळ्या निघतात. खालचे निम्मे किस्से त्यातूनच आले आहेत.

२. हे ६८ संघ निवडतं कोण? आणि मानांकन कसं ठरतं?

दोन वाटा आहेत. प्रत्येक कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या प्रादेशिक लीगच्या, विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये अशा ३१ जागा होत्या. उरलेल्या ३७ जागा एक समिती भरते. तिच्यात कॉलेजांचे क्रीडा संचालक आणि कॉन्फरन्सचे आयुक्त असतात. यादी एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होते आणि वगळलेल्या संघांचे प्रशिक्षक सोमवारी सकाळी रागावलेले असतात. हा कार्यक्रम दरवर्षी चुकत नाही.

संघांचे चार विभाग पाडून प्रत्येकात १ ते १६ मानांकन दिलं जातं. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५ असे सामने लागतात. १६ चौक ६४, मग वरचे चार कुठले? शेवटच्या आठ संघांना आधी आपसात खेळून चार जागा मिळवाव्या लागतात. हे सामने ओहायोतल्या डेटन शहरात होतात.

३. भारतातून बघायचं तर किती वाजता उठावं लागेल?

स्पर्धेच्या काळात भारत न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो. पहिल्या फेरीचे गुरुवार-शुक्रवार सगळ्यात सोयीचे. तिकडे दुपारी बाराच्या सुमारास सुरुवात होते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ-पावणेदहाला जेवून निवांत बसावं. रात्रभर जागायची तयारी असेल तर सामने सकाळपर्यंत संपत नाहीत. उपांत्य सामने रविवारी पहाटे साडेतीन-चारला सुरू होतात, ते जरा जिवावर येतं. अंतिम सामना तिकडच्या सोमवारी रात्री असतो, आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहा-सातच्या दरम्यान. चहा घेत बघा आणि ऑफिसला जा.

४. स्पर्धा कधी सुरू झाली? तेव्हाही एवढी मोठी होती का?

१९३९ मध्ये, आठ संघांनिशी. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनला अंतिम सामना झाला आणि ओरेगॉनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. त्या सामन्यात ओरेगॉनचा कर्णधार बॉबी ॲनेट चेंडूमागे झेपावला तो थेट ट्रॉफी ठेवलेल्या टेबलावर, आणि ट्रॉफीवरची छोटी मूर्ती मोडली. मोडकीच ट्रॉफी घेऊन चॅम्पियन घरी गेले. आयोजन प्रशिक्षकांच्या संघटनेचं होतं आणि त्यांना २,५३१ डॉलरचा तोटा झाला. पुढच्या वर्षापासून एनसीएएने स्पर्धा आपल्याकडे घेतली. सीबीएस आणि टर्नर या दोन वाहिनीसमूहांनी २०१० मध्ये याच स्पर्धेच्या १४ वर्षांच्या हक्कांसाठी १०.८ अब्ज डॉलर मोजायचं कबूल केलं, म्हणजे तोटा भरून निघाला असावा.

संघांची संख्या १९५१ मध्ये १६ झाली, १९७५ मध्ये ३२, १९८५ मध्ये ६४, २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८. यातला १९७५ चा बदल सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

५. एनआयटी नावाची आणखी एक स्पर्धा आहे ना? ती एकेकाळी मोठी होती म्हणतात.

खरं आहे. एनआयटी १९३८ मध्ये, म्हणजे एक वर्ष आधी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद टेंपलचं. न्यूयॉर्कमध्ये खेळायला मिळायचं, वर्तमानपत्रं तिथेच होती, त्यामुळे चाळीसच्या दशकात चांगले संघ आधी तिकडे बघायचे.

१९४४ च्या युटा संघाची गोष्ट यावरच उभी आहे. युद्धाचे दिवस होते, संघात बहुतेक पोरसवदा मुलं. त्यांना दोन्ही स्पर्धांकडून बोलावणं आलं आणि त्यांनी एनआयटी निवडली. पहिल्याच सामन्यात केंटकीने त्यांना बाहेर काढलं. तेवढ्यात अर्कान्सॉच्या संघाच्या गाडीला अपघात झाला, त्यांनी एनसीएएतून माघार घेतली आणि रिकामी जागा युटाला मिळाली. मुलं आगगाडीने कॅन्सस सिटीला गेली, तिथे जिंकली, पुन्हा न्यूयॉर्कला आली आणि डार्टमथला जादा वेळेत ४२-४० असं हरवून चॅम्पियन झाली. दोनच दिवसांनी रेड क्रॉसच्या मदतीसाठीच्या सामन्यात त्यांनी एनआयटी विजेत्या सेंट जॉन्सलाही हरवलं. या संघात वॅट मिसाका नावाचा जपानी वंशाचा गार्ड होता. त्याच काळात त्याच युटा राज्यात, टोपाझच्या छावणीत, जपानी वंशाच्या हजारो अमेरिकनांना डांबून ठेवलं होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मात्र प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मिसाका पुढे अमेरिकी लष्करात गेला, परत येऊन १९४७ ची एनआयटी जिंकला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सकडून खेळून आजच्या एनबीएमधला (तेव्हा तिचं नाव वेगळं होतं) पहिला गोरेतर खेळाडू ठरला.

एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम फक्त न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा, १९५० मध्ये. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ब्रॅडलीच होतं. पुढच्याच वर्षी उघड झालं की त्या संघातल्या काही खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन हंगामातल्या सामन्यांतले गुणफरक कमी-जास्त केले होते. प्रकरण इतर अनेक कॉलेजांपर्यंत गेलं, न्यूयॉर्कच्या कॉलेज बास्केटबॉलची रया गेली आणि एनआयटीचं वजनही घटत गेलं.

शेवटची ठिणगी १९७० ची. मार्केट (Marquette) विद्यापीठाचे प्रशिक्षक अल मॅग्वायर यांना एनसीएएने घराजवळचा विभाग सोडून टेक्ससकडे पाठवायचं ठरवलं. त्यांनी निमंत्रणच नाकारलं, एनआयटीत गेले आणि ती जिंकून दाखवली. मग एनसीएएने नियम केला: आमचं बोलावणं आलं की दुसरीकडे जाता येणार नाही. २००५ मध्ये तर एनसीएएने एनआयटी विकतच घेतली. आज ती ६८ मध्ये न बसलेल्यांची स्पर्धा आहे.

६. सर्वाधिक विजेतेपदं कुणाची?

यूसीएलए (लॉस एंजलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ११, केंटकी ८, नॉर्थ कॅरोलायना आणि कनेक्टिकट प्रत्येकी ६, ड्यूक आणि इंडियाना प्रत्येकी ५. प्रशिक्षकांत यूसीएलएचे जॉन वुडन १० विजेतेपदांसह पुढे, मग ड्यूकचे माइक शशेव्स्की ५ आणि केंटकीचे ॲडॉल्फ रप ४. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक होते, आणि त्या कॉलेजच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकमेव प्रशिक्षकही तेच. खेळ शोधणं वेगळं, शिकवणं वेगळं.

७. यूसीएलएने बारा वर्षांत दहा वेळा स्पर्धा जिंकली कशी? आज कुणाला जमेल का?

१९६४ ते १९७५ या काळात दहा, त्यातली १९६७ ते १९७३ सलग सात. वुडन थोर प्रशिक्षक होते यात शंका नाही. पहिल्या सरावाला ते खेळाडूंना पायमोजे कसे घालायचे ते शिकवत. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, असा त्यांचा हिशेब. शिवाय त्यांच्याकडे आधी ल्यू अलसिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) आणि मग बिल वॉल्टन असे दोन महाकाय सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, लाभले. वॉल्टनने १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ पैकी २१ शॉट बास्केटमध्ये टाकून ४४ गुण केले.

पण नियमही त्यांना धार्जिणे होते, हे चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. तेव्हा विजेतेपदासाठी चार सामने पुरत, आता सहा लागतात. संघ आपापल्या भूभागातच खेळत, त्यामुळे यूसीएलएला पश्चिमेतून बाहेर पडायला पूर्वेइतकी दमछाक नव्हती. आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ येई. याचा फटका कुणाला बसला ते १९७४ मध्ये दिसलं. एसीसी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक असलेलं मेरीलँड एनसीएएत खेळूच शकलं नाही, आणि जिंकलेल्या संघाने पुढे उपांत्य सामन्यात यूसीएलएची मालिका तोडून स्पर्धाही जिंकली. पुढच्याच वर्षी ३२ संघ झाले आणि एका कॉन्फरन्समधून एकापेक्षा जास्त संघ येऊ लागले.

आज चांगला खेळाडू वर्षभरात एनबीएत जातो किंवा कॉलेज बदलतो. सलग दोन जिंकणंही मोठं मानतात. कनेक्टिकटने ते २०२३ आणि २०२४ मध्ये करून दाखवलं. सात विसरा.

८. अलसिंडर यूसीएलएत चार वर्षं होता, मग विजेतेपदं तीनच का?

कारण १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये पॉली पॅव्हिलियनच्या उद्घाटनाला अलसिंडरच्या या नवख्या संघाने मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं होतं. मुख्य संघ म्हणजे गतविजेते!

त्याच्याच काळात, १९६७ मध्ये, कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक मारायला, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून थेट बास्केटमध्ये दाबायला, बंदी आली ती १९७६ पर्यंत टिकली. बंदी त्याच्यामुळेच आली असं बहुतेकांनी मानलं. वॉल्टनचे वर सांगितलेले ४४ गुण एकाही अधिकृत डंकविना आहेत हे लक्षात घ्या.

९. १९६६ च्या अंतिम सामन्याला एवढं महत्त्व का?

१९ मार्च १९६६ रोजी मेरीलँडच्या कोल फील्ड हाउसमध्ये टेक्सस वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. समोर रप यांचा केंटकी संघ, सगळे गोरे. त्या संघात पुढे एनबीएचा नामवंत प्रशिक्षक झालेला पॅट रायलीही होता. सुरुवातीलाच डेव्हिड लॅटिनने रायलीच्या डोक्यावरून डंक मारला. मग लहानखुऱ्या बॉबी जो हिलने केंटकीच्या गार्डांकडून लागोपाठ दोनदा चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा सरळ जाऊन बास्केट केलं. तिथून केंटकी मागेच राहिलं. निकाल ७२-६५. टेक्सस वेस्टर्नकडून त्या रात्री सात खेळाडू उतरले, सातही कृष्णवर्णीय. दक्षिणेतली अनेक विद्यापीठं तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नव्हती. दार त्या एका रात्रीत उघडलं नाही, पण ‘यांच्याकडून जिंकणं होत नाही’ हे सांगायची सोय संपली.

यापेक्षा कमी माहीत असलेला सामना १९६३ चा. मिसिसिपी स्टेटचा गोरा संघ तीन वर्षं पात्र असूनही स्पर्धेला जात नव्हता, कारण समोर कृष्णवर्णीय खेळाडू येतील. १९६३ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम हातात पडायच्या आत प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याबाहेर निसटले आणि संघ मागोमाग विमानाने निघाला. मिशिगनमध्ये त्यांची गाठ लॉयोला शिकागोशी पडली. लॉयोलाच्या सुरुवातीच्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय होते. सामन्याआधी जो डॅन गोल्ड आणि जेरी हार्कनेस या कर्णधारांनी हस्तांदोलन केलं तेव्हा फ्लॅशचे दिवे इतके लखलखले की हार्कनेसला ते आयुष्यभर आठवत राहिलं. लॉयोला ६१-५१ ने जिंकलं आणि पुढे चॅम्पियनही झालं.

१०. १६ व्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाला कधी हरवलंय का?

पुरुषांत दोनदा. १९८५ ते २०१७ या काळात असे १३२ सामने झाले आणि सगळे पहिल्या मानांकनाने जिंकले. मग १६ मार्च २०१८ ला शार्लटमध्ये यूएमबीसीने (मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा) व्हर्जिनियाला हरवलं. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती, शेवटी ७४-५४. काठावरचा विजय नाही, धुलाई. यूएमबीसी तोवर बुद्धिबळासाठी प्रसिद्ध होतं. व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी चॅम्पियन झालं.

दुसरा २०२३ चा: फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असं नमवलं. पर्ड्यूचा सेंटर सव्वासात फुटांहून उंच आणि समोर देशातला सगळ्यात बुटका संघ. पण खरी गंमत पुढे आहे. फेअरली डिकिन्सनने स्वतःची कॉन्फरन्स जिंकलीच नव्हती! अंतिम सामन्यात मेरिमॅकने त्यांना एका गुणाने हरवलं होतं. मेरिमॅक मात्र नुकतंच डिव्हिजन वनमध्ये आल्यामुळे नियमानुसार अपात्र होतं, म्हणून जागा उपविजेत्यांना गेली. डेटनचा सामना जिंकून मग ते पर्ड्यूसमोर आले.

‘पहिल्यांदा २०१८ मध्ये’ हे उत्तर प्रश्नमंजूषेत चुकीचं ठरू शकतं. महिलांच्या स्पर्धेत हार्वर्डने वीस वर्षं आधी, १९९८ मध्ये, स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असं हरवलं होतं.

११. चॅम्पियन झालेला सगळ्यात खालच्या मानांकनाचा संघ कोणता?

आठव्या मानांकनाचं व्हिलानोवा, १९८५. पॅट्रिक ईविंगचं जॉर्जटाउन गतविजेतं होतं आणि त्याच हंगामात त्यांनी व्हिलानोवाला दोनदा हरवलेलं. अंतिम सामन्यात व्हिलानोवाने २८ पैकी २२ शॉट बास्केटमध्ये टाकले, दुसऱ्या डावात तर एकच चुकला. निकाल ६६-६४.

सगळा सामना आणि शॉट फक्त २८? हो, कारण त्या स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हतं. चेंडू हवा तेवढा वेळ फिरवत राहा, खात्रीची संधी मिळाली की मारा. पुढच्या हंगामात ४५ सेकंदांचं घड्याळ आलं, त्याच्या पुढच्या हंगामात तीन गुणांची रेषा. म्हणजे व्हिलानोवाने ज्या पद्धतीने जिंकलं ती लगेच नियमबाह्य झाली. माझ्या मते विक्रम मोडणं त्यामुळेच अवघड आहे. २०१४ मध्ये सातव्या मानांकनाचं कनेक्टिकट जिंकलं, त्याहून जवळ कुणी आलेलं नाही.

अंतिम चारपर्यंत मात्र अकराव्या मानांकनाचे सहा संघ पोचले आहेत: एलएसयू (१९८६), जॉर्ज मेसन (२००६), व्हीसीयू (२०११), लॉयोला शिकागो (२०१८), यूसीएलए (२०२१) आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट (२०२४). सहाही उपांत्य सामन्यात हरले.

१२. उलट, चारही पहिली मानांकनं अंतिम चारमध्ये आली असं झालंय का?

दोनदाच, २००८ आणि २०२५ मध्ये. अनुक्रमे कॅन्सस आणि फ्लोरिडा जिंकले.

१३. एकही सामना न हरता चॅम्पियन झालेले संघ किती?

सात: सॅन फ्रान्सिस्को (१९५६), नॉर्थ कॅरोलायना (१९५७), यूसीएलए चार वेळा (१९६४, १९६७, १९७२, १९७३) आणि इंडियाना (१९७६). इंडियानानंतर कुणीही नाही.

जवळ येऊन घसरलेल्यांची यादी जास्त वाचनीय आहे. लॅरी बर्डचं इंडियाना स्टेट १९७९ मध्ये ३३-० होतं, अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने ७५-६४ असं हरवलं. १९९१ मध्ये यूएनएलव्ही ३४-०, उपांत्य सामन्यात ड्यूककडून दोन गुणांनी पराभूत. २०१५ मध्ये केंटकी ३८-०, उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने अडवलं. २०२१ मध्ये गोंझागा ३१-०, अंतिम सामन्यात बेलरने ८६-७० असं लोळवलं. मालिका खेळवली असती तर यातले किमान दोन जिंकले असते असं माझं मत. मग प्रश्न १ पुन्हा वाचा.

१४. ब्रॅकेट भरणं म्हणजे काय? कुणी अचूक भरलाय का?

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सगळ्या ६३ सामन्यांचे विजेते कागदावर लिहून टाकायचे. डेटनचे चार सामने सहसा धरत नाहीत. ऑफिसात पाच-दहा डॉलर वर्गणी, ज्याचे अंदाज जास्त बरोबर त्याला सगळी रक्कम. अमेरिकेतली मराठी मंडळीही यात असतात, आणि ज्याला खेळातलं काही कळत नाही तोच जिंकतो अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते.

अचूक ब्रॅकेट आजवर कुणाचाही नोंदला गेलेला नाही. नाणं उडवून भरायचा म्हटला तर शक्यता ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ मध्ये एक. २०१४ मध्ये वॉरन बफे यांच्या पाठबळावर अचूक ब्रॅकेटला एक अब्ज डॉलरचं बक्षीस लावलं होतं. पहिल्या फेरीचे सामने संपायच्या आतच सगळे बाद. सगळ्यात लांब मजल २०१९ मध्ये ओहायोतल्या एका गृहस्थाची, पहिले ४९ सामने बरोबर. पन्नासावा चुकला.

एक व्यवहारी सल्ला: पाचव्या मानांकनाचे चारही संघ पहिल्या फेरीत जिंकतील असं लिहू नका. बाराव्या मानांकनाचा संघ साधारण तीनांतला एक सामना जिंकतो.

१५. महिलांची स्पर्धा कधीपासून? ती आता पुरुषांपेक्षा जास्त बघितली जाते हे खरं का?

एनसीएएने महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली, पहिली विजेती लुइझियाना टेक. त्याआधी एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना १९७२ पासून राष्ट्रीय स्पर्धा घेत होती आणि पहिली तीन विजेतेपदं पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा या छोट्याशा कॉलेजने जिंकली होती. विक्रमांची यादी करताना हा काळ गाळला जातो, ते बरोबर नाही. एनसीएएत कनेक्टिकटची १२ विजेतेपदं आहेत, सगळी जीनो ऑरिएमा यांच्या हाताखाली. त्याखालोखाल पॅट समिट यांच्या टेनेसीची ८.

बघण्याचं म्हणाल तर २०२४ मध्ये पहिल्यांदा तसं घडलं. केटलिन क्लार्कच्या आयोवाविरुद्ध साउथ कॅरोलायना हा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १.८९ कोटी लोकांनी बघितला, पुरुषांचा १.४८ कोटींनी. तीनच वर्षं आधी चित्र वेगळं होतं. २०२१ मध्ये पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा आणि महिलांना डंबेल्सचा एक स्टँड मिळाला होता. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला आणि एनसीएएची नाचक्की झाली. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेला अधिकृतपणे वापरायला मिळालं तेही २०२२ पासून, आणि ६८ संघही त्याच वर्षी झाले.

१६. जिंकल्यावर खेळाडू शिडीवर चढून जाळी का कापतात?

नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांनी १९४७ मध्ये कॉन्फरन्स जिंकल्यावर ही पद्धत कॉलेजात आणली. ते इंडियानाहून आले होते, तिथल्या शाळांमध्ये हे चालायचं. प्रत्येक खेळाडू एकेक धागा कापतो, शेवटचा तुकडा प्रशिक्षकाचा.

१७. भारतीय वंशाचं कुणी या स्पर्धेत खेळलंय का?

सिम भुल्लर. टोरांटोत पंजाबी कुटुंबात जन्मलेला, उंची सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेटकडून २०१३ आणि २०१४ च्या स्पर्धेत खेळला, दोन्ही वेळा संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरून तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. सतनाम सिंगचं नाव अनेक जण पाठवतात. तो कॉलेजात खेळला नाही, शाळेनंतरच्या अकादमीतून २०१५ मध्ये थेट एनबीएच्या निवडीत गेला.

१८. २०२० चा विजेता कोण?

कुणीच नाही. कोविडमुळे १२ मार्चला स्पर्धा रद्द झाली, संघसुद्धा निवडले नव्हते. महायुद्धातही न थांबलेली स्पर्धा तेव्हा पहिल्यांदा थांबली. २०२१ मध्ये ती संपूर्ण इंडियाना राज्यातच खेळवली गेली.

१९. २०१३ चं विजेतेपद यादीत दिसत नाही. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. अंतिम सामन्यात लुइव्हिलने मिशिगनला ८२-७६ असं हरवलं, हे लाखोंनी डोळ्यांनी पाहिलं. पण खेळाडूंना आणि भरती होऊ पाहणाऱ्या मुलांना आमिष म्हणून वेश्या पुरवल्या गेल्याचं नंतर उघड झालं आणि २०१८ मध्ये एनसीएएने ते विजेतेपद रद्द केलं. सभागृहातला बॅनर उतरवावा लागला. पुरुषांच्या स्पर्धेत विजेतेपद रद्द झाल्याचं हे एकमेव उदाहरण. उपविजेत्यांना ते दिलं गेलं नाही, जागा रिकामीच आहे. पुढे २०१९ मधल्या तडजोडीत काही खेळाडूंचे वैयक्तिक विक्रम परत मिळाले. त्यामुळे अंतिम चारचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ल्यूक हॅनकॉकचं नाव यादीत आहे, त्याचा चॅम्पियन संघ मात्र नाही.

२०. सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या संघातल्या कुणाला मिळालाय का?

बऱ्याचदा. विल्ट चेंबरलेन (१९५७), एल्जिन बेलर (१९५८) आणि जेरी वेस्ट (१९५९) हे लागोपाठ तीन वर्षं हरलेल्या संघांतून निवडले गेले. चेंबरलेनचं कॅन्सस तर तिसऱ्या जादा डावात ५४-५३ असं हरलं होतं. शेवटचं उदाहरण १९८३ चं, ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवन.

यातली दोन नावं प्रश्नमंजूषेत हमखास दांडी उडवतात. तिसऱ्या क्रमांकाचा सामना १९८१ पर्यंत होत असे, त्यामुळे १९६६ मध्ये युटाचा जेरी चेंबर्स चौथ्या क्रमांकाच्या संघातून हा मान घेऊन गेला. ते वर्ष आणि तो अंतिम सामना (प्रश्न ९) सगळ्यांना आठवतो, चेंबर्स कुणालाच नाही. आणि १९७१ मध्ये व्हिलानोवाचा हॉवर्ड पोर्टर उपविजेत्या संघातून निवडला गेला, पण कॉलेजात असतानाच त्याने व्यावसायिक करारावर सही केल्याचं निष्पन्न झालं. त्याचा मानही काढून घेतला आणि व्हिलानोवाचं उपविजेतेपदही. त्या वर्षीच्या अधिकृत नोंदीत विजेता यूसीएलए आहे आणि दुसऱ्या क्रमांकापुढे ‘रद्द’ असं लिहिलेलं आहे.